अकरा ओळींचा तक्ता

पत्र जेमतेम आठ-दहा ओळींचं होतं आणि त्यात कुठेही त्याचं कौतुक नव्हतं. एवढ्यावरूनच त्याला कळायला हवं होतं की हे कुणीतरी खरोखर वाचून लिहिलेलं आहे. एरवी त्याला येणाऱ्या पत्रांची सुरुवात 'आपल्या मौलिक संशोधनाने आम्ही भारावून गेलो' अशी व्हायची आणि शेवट कुठल्यातरी न ऐकलेल्या परिषदेच्या आमंत्रणात व्हायचा. असल्या भारावलेल्या माणसांना त्याचं नावही धड लिहिता यायचं नाही. हे पत्र तसं नव्हतं. कुठल्याशा लहान हॉस्पिटलातल्या फार्मसिस्ट बाईंनी ते लिहिलं होतं, आणि औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसं नेमकं, कोरडं लिहिलं होतं. आमच्याकडच्या एका आजींना हृदयाचे ठोके आवरणारी ही गोळी पुस्तकात दिलेल्या डोसाप्रमाणेच दिली, तरी त्यांची नाडी फार मंदावली. आता त्या बऱ्या आहेत. हा डोस मुळात आला कुठून ते शोधत मागे मागे गेले, तर शेवटी तुमचा निबंध निघाला. त्यात दुसऱ्या तक्त्यात अकरा माणसं आहेत, त्यांची सरासरी ८.४ तास येते, सारांशातही तीच आहे. मात्र पाचव्या पानावर एका वाक्यात ९.३० छापलं आहे. अकरांवरून तो आकडा येत नाही. बारा माणसं धरली आणि बाराव्याचे एकोणीस तासांच्या आसपास असले, तरच येतो. तो बारावा माणूस कोण होता? आणि त्याचं पुढे काय झालं?

सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्याने पत्र दुसऱ्यांदा वाचलं नाही. उठून केबिनचं दार लोटून घेतलं, परत येऊन एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर अकरा आकडे एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली. समोर कॉम्प्युटर होता, खिशात फोन होता, दोन्हींना बेरीज येत होती. तरी त्याने हाताने केली. ब्याण्णव पॉइंट चार. नऊ पॉइंट तीन गुणिले बारा, एकशे अकरा पॉइंट सहा. वजा केले. एकोणीस पॉइंट दोन. त्याने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. भीती वाटत होती, आणि तितकंच आणखीही काहीतरी. आपल्या बंद खोलीत कुणीतरी आत येऊन शांतपणे खुर्चीत बसलंय आणि आपल्याला ते आवडलंय, असं काहीसं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या पाचव्या पानापर्यंत आलं होतं.

त्याच्या धंद्याचं एका ओळीत वर्णन करायचं तर औषध माणसाच्या अंगात गेलं की अंग त्याचं काय करतं ते मोजणं. बाकीचे डॉक्टर औषध देऊन मोकळे होतात. हे लोक त्याच्या मागे मागे जातात, कुठवर पोचलं, किती उरलं, अर्धं निघून जायला किती तास लागले. त्या तासांना अर्धायुष्य म्हणतात. हा शब्द त्याला तरुणपणी फार शास्त्रीय वाटायचा, अलीकडे खाजगी वाटू लागला होता. लग्न करायचं राहून गेलं, ग्रंथालयाचं पुस्तक परत करायचं राहून जावं तसं. आधी उद्या म्हणून, मग संकोच म्हणून. त्याऐवजी त्याने एक हिरवी वही बाळगली होती. आपल्या कुठल्या निबंधाचा उल्लेख कुणी, कुठे, कुठल्या साली केला याची नोंद त्या वहीत असे. कॉम्प्युटरवर हे सगळं घटकेत दिसायला लागलं त्याच्या कितीतरी आधी, तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ग्रंथालयात जाऊन बारीक टायपातल्या जाडजूड सूच्यांमधून स्वतःचं नाव बोटाने शोधायचा. दुपार जायची, मान धरायची, आणि दोन नवे उल्लेख सापडले की घरी येताना पावलं हलकी पडायची. लोक नातवंडं मोजतात, हा तळटिपा मोजायचा. एकूण अकराशे बारा उल्लेख. त्यांपैकी चारशे सदतीस या एकाच निबंधाचे: पासष्टीच्या पुढच्या निरोगी माणसांत त्या गोळीचं अर्धायुष्य. बाकीचे सत्तावन्न निबंध मिळून काय ते उरलेले. एका कर्त्या मुलाच्या जिवावर सबंध घर चालावं तसं त्या एका निबंधावर त्याचं नाव चालत होतं, हे त्याला माहीत होतं आणि इतरांना माहीत नाही असं तो धरून चालला होता.

आणि त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. निबंध छापून आल्यावर दुसऱ्या वर्षी एका बड्या माणसाने एका लांबलचक आढाव्यात त्याचा उल्लेख केला आणि पानाचा क्रमांक चुकवला. २२१ च्या जागी २११. पुढच्या वर्षी तिघांनी २११ लिहिलं. मग नऊजणांनी. सुरुवातीला त्याला याची गंमत वाटली, हिरव्या वहीत त्याने अशा नोंदींपुढे लाल टिंब द्यायला सुरुवात केली. मग टिंबं वाढत गेली. चारशे सदतीसांत तीनशेच्या वर लाल टिंबं झाली तेव्हा त्याने टिंबं देणं सोडून दिलं. २११ वर त्या अंकात गुरांच्या जंतांवरचा कुणाचा तरी निबंध होता. म्हणजे तीनशे विद्वानांनी त्याचं पान कधी उघडलंच नव्हतं. एकाने दुसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं उतरवून घेतलं होतं. उरलेल्या सव्वाशेंनी तरी सारांशाच्या पुढे पाऊल टाकलं असेल का, हा हिशेब त्याने मुद्दाम केला नव्हता. लग्नाला चारशे माणसं यावीत, सगळ्यांनी आहेराच्या यादीत नाव लिहावं आणि नवरा-नवरीला कुणी ओळखूही नये, असा तो मान होता. पण मान होता. कधी कधी संध्याकाळी घराचं कुलूप काढताना त्याच्या मनात येई की आपण प्रसिद्ध आहोत, आणि आतल्या अंधारात दिव्याचं बटण चाचपडताना ते विरून जाई.

दुपारी विभागप्रमुख आला. हा एके काळी त्याचाच विद्यार्थी, हुशारीपेक्षा हजेरीवर वर चढलेला. सरांना 'सर' म्हणायचं त्याने सोडलं नव्हतं, फक्त आता तो ते उभ्याने म्हणायचा. आणखी चार महिन्यांनी सर निवृत्त होणार होते आणि त्यांना मानद प्राध्यापक म्हणून ठेवून घ्यायचा प्रस्ताव त्यानेच मांडला होता. पगार नाही, पण केबिन राहील, दारावरची पाटी राहील, सकाळी उठून जायला एक जागा राहील. त्यासाठी फॉर्म शुक्रवारपर्यंत हवा होता. सर्वांत महत्त्वाचे पाच निबंध आणि प्रत्येकापुढे उल्लेखांची संख्या. तुमच्या त्या एकाच पेपरवर काम होऊन जाईल सर, बाकीचे चार शोभेला, असं तो हसत म्हणाला. त्यात लागट काही नव्हतं, आणि म्हणूनच ते लागलं. सरांनी पत्र उघडलेली स्क्रीन त्याच्याकडे वळवली. विभागप्रमुखाने पत्र वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. बाई फारच फुरसतीत दिसतात, एवढा एक शेरा मारला. मग खुर्ची ओढून बसला, आणि तो बसला त्या अर्थी त्याला प्रकरण कळलं होतं.

"सर, तीस वर्षं झाली," तो आवाज उतरवून म्हणाला. "नियमाप्रमाणे मूळ नोंदी पंधरा वर्षांनी नष्ट करायच्या असतात. 'मूळ नोंदी उपलब्ध नाहीत' एवढं एका ओळीत कळवून टाका. सगळे हेच करतात."

"नोंदी आहेत."

"कुठे?"

त्याने हनुवटीने कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे खूण केली. विभागप्रमुख त्या कपाटाकडे, आत कुणी माणूस असावं तसं बघत राहिला. मग म्हणाला, कपाटाची किल्ली हरवते सर, हे फार जुनं कपाट आहे. आणि फॉर्म टेबलावर ठेवून, त्यावर पेपरवेट ठेवून, निघून गेला. गडी वाईट नव्हता. त्याच्या परीने तो गुरुदक्षिणाच देत होता.

किल्ली हरवलेली नव्हती. ती त्याच्या घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात तीस वर्षं होती, आणि कपाटातली ती नोंदींची वही कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं, पण त्याने ती काढली नाही. वहीत काय आहे ते वहीशिवायही समोर येत होतं. वॉर्डच्या टोकाची लांब खोली, दोन ओळींत सहा-सहा खाटा, पांढऱ्या चादरी. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून गोळा झालेली पासष्टीच्या पुढची बारा निरोगी माणसं, म्हणजे असायला हवी होती बारा. आदल्या संध्याकाळी एकाचा निरोप आला की सर्दी झाली, येत नाही. बारा खाटा, बारा गोळ्या, बाराजणांचं सकाळचं उपाशीपोटी रक्त, प्रयोगशाळेत बाराजणांच्या नमुन्यांची जागा, सगळं ठरलेलं. परवानगीच्या कागदावर बारा. तो तेव्हा चौतिशीचा होता आणि त्याचा तोवर एकही निबंध नाव घेण्याजोग्या मासिकात आलेला नव्हता. घरी आला तर अप्पा, त्याचे वडील, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले. सदुसष्ट वर्षांचे, ताठ, कधी डोकं दुखलं तरी गोळी न घेणारे. अप्पा, उद्या मोकळे आहात का? अप्पा म्हणाले, मी नऊ वर्षांपासून मोकळाच आहे, काय काम आहे ते बोल.

नियम असा होता की प्रत्येकाची मूत्रपिंडं धड आहेत ना, हे रक्त तपासून आधी बघायचं. ही गोळी मूत्रपिंडांवाटेच अंगाबाहेर पडते. तीच मंद असतील तर गोळी रक्तात साचते. अकराजणांचे रिपोर्ट आठवड्यापूर्वीच फाइलला लागले होते. बाराव्याचा काढायला वेळ नव्हता. अप्पांना काय झालंय, दोन-दोन जिने चढतात, असं म्हणून त्याने तिथे 'रिपोर्ट नंतर जोडावा' असं लिहिलं. परक्या माणसाच्या बाबतीत त्याने हे कधीच केलं नसतं. घरच्या माणसाला आपण ओळखतो असं धरून चालायची ती चूक होती, आणि ती करताना त्याला आपण किती व्यवहारी आहोत असंच वाटलं होतं.

अप्पांनी एकतीस वर्षं विजेच्या खात्यात मीटर वाचले होते. खांद्याला पिशवी, हातात लांबट वही, घरोघर जाऊन आकडा टिपायचा, गेल्या महिन्याचा आकडा मनातल्या मनात वजा करायचा, पुढचं दार. त्यामुळे त्या खोलीत सगळ्यांत आधी रमले ते अप्पा. बारा नंबरच्या खाटेवर उशीला टेकून बसले, शेजारच्यांशी ओळखी काढल्या, भिंतीवरच्या घड्याळाची आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ जुळवली. खाटेखाली त्यांचे बूट होते, त्यांना नाड्या नव्हत्या. निवृत्तीनंतर माणूस सैलावतो, असं तेव्हा त्याच्या मनात येऊन गेलं होतं. दिवसभरात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मिळून चौदा वेळा रक्त घ्यायचं होतं. इतरांचं नर्सने घेतलं, अप्पांचं त्याने. चौदा वेळा त्याने बापाचा हात आपल्या हातात घेतला, पालथा केला, कोपराच्या खोबणीत बोटाने शीर चाचपली. त्या आधी लहानपणी रस्ता ओलांडताना धरला असेल तेवढाच, आणि नंतर एकदम शेवटी. हात खडबडीत होता आणि गार होता. चौथ्या नमुन्याच्या वेळी तो वहीत दहा वाजल्याची वेळ लिहीत होता तर अप्पा हळूच म्हणाले, दहाला दोन मिनिटं वर झालीत, दोन मिनिटं उशीर लिही. त्याला हसू आलं, दोन मिनिटांनी काय होतंय. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "जे आहे ते लिहायचं. मागून कुणीतरी बघत असतं." त्याने लिहिलं.

पंधरा दिवसांनी आकडे आले. अकराजणांचे सात, आठ, नऊ तासांच्या घरात, शाळेतली मुलं ओळीत उभी असावीत तसे. अप्पांचा एकोणीस पॉइंट दोन. त्याची पहिली प्रतिक्रिया वैतागाची होती, हे त्याला अजून आठवत होतं. इतकी सुंदर ओळ आणि शेवटी हे. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची वीज दोन तास गेली होती, फ्रिज बंद पडला होता, म्हणजे अप्पांचे नमुने बिघडले असणार. त्याच फ्रिजमध्ये बाकीच्या अकराजणांचंही रक्त होतं ही गोष्ट आपल्याला तेव्हा सुचली नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. सुचली होती. पण नमुने खरे मानले तर बाराव्याचा आधीचा मूत्रपिंडांचा रिपोर्ट दाखवा असं कुणीतरी विचारलं असतं, आणि तो रिपोर्ट नव्हता, काढलाच नव्हता. आता काढला आणि वाईट आला तर नियम मोडून आजारी माणसाला घेतलं असं झालं असतं, सगळाच अभ्यास धोक्यात आला असता. म्हणून तळटीप: एका व्यक्तीचे नमुने साठवणुकीत खराब झाल्याने वगळले. एका रविवारी दुपारी बसून त्याने बाराच्या जागी अकरा केले, तक्ता नवा केला, सरासरी सारांशात बदलली, चर्चेत बदलली. पाचव्या पानावरचं एक वाक्य नजरेतून सुटलं. संपादकाच्या सुटलं, तपासणाऱ्या दोघांच्या सुटलं, आणि मग चारशे सदतीसजणांच्या सुटलं. त्या वाक्यात अप्पा राहिले होते. मजकूर साफ करताना एखादं माणूस भिंतीत चिणलं जावं तसे.

छापून आल्यावर एक प्रत त्याने अप्पांना दिली. अप्पांनी चष्मा लावला, वरचं त्याचं नाव वाचलं, मग विचारलं, माझा आकडा किती आला? तो बुटाची नाडी बांधत होता, कुठेतरी जायची घाई होती. नॉर्मल, तो म्हणाला. अप्पा म्हणाले, बरं. अडीच वर्षांनी अप्पांची मूत्रपिंडं पूर्ण बंद पडली. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे हळूहळू, बरीच वर्षं चाललेलं असावं, आधी कळलं असतं तर बराच काळ रेटता आलं असतं, पण अशी माणसं तक्रार करत नाहीत ना. तो त्याच धंद्यातला असल्याने त्याने मान डोलावली. अप्पांचं सगळं शेवटचं धाकट्या बहिणीने केलं. तो औषधांच्या नावांपुरता यायचा.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने दिवा लावला, हात-पाय धुतले, आणि काही खायच्या आधीच बहिणीला फोन लावला. वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी होणारा हा फोन आडदिवशी वाजलेला पाहून ती आधी घाबरली, मग सूर्य कुठल्या बाजूला उगवलाय ते बघून येते म्हणाली. तिला सगळं हसून सुरू करायची सवय होती. त्याने तब्येत विचारली, तिच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि मग विचारण्यासारखं दुसरं काही न उरल्याने विचारलं की अप्पांचे पाय सुजायला नेमके कधी लागले होते, तुला आठवतं का.

"आठवतं म्हणजे? तुझ्या त्या दवाखान्यातल्या प्रयोगाच्या आधीपासूनच," ती म्हणाली. "बुटांच्या नाड्या काढून टाकल्या होत्या त्यांनी. पाय आत जायचे नाहीत."

फोनमध्ये तिच्याकडच्या नळाचा आवाज येत होता, ती भांडी घासता घासता बोलत असावी. मग आपणहून तीच म्हणाली की ते छापलेलं अजून तिच्यापाशी आहे, घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात. अप्पांनी जपून ठेवायला सांगितलं होतं. आल्यागेल्याला दाखवायचे, मी मुलाच्या शास्त्रात आहे म्हणून. त्याने तिला ते काढायला सांगितलं. तिने आत्ता का, असं विचारलं नाही. कपाटाचं दार करकरलं, पिशव्या सरकल्या, आणि कागद उलटल्याचा आवाज इतका स्पष्ट आला की त्याने फोन कानापासून किंचित दूर धरला.

"दुसरा तक्ता बघ," तो म्हणाला. "किती ओळी आहेत?"

"अकरा. आणि खाली एक अप्पांची."

"अप्पांची म्हणजे?"

"पेन्सिलीने लिहिलीय ना. थांब, चष्मा घेते." ती अडखळत, एकेक अक्षर लावत वाचू लागली. "बारा. घर बंद. सरासरी धरली. आणि पुढे एकोणीस पॉइंट दोन, त्याला गोल केलाय."

त्याला ते शब्द माहीत होते. लहानपणी अप्पांच्या वहीत पानोपान असायचे. दाराला कुलूप असलं, मीटर वाचता आला नाही, तर त्या घरापुढे अप्पा हेच लिहायचे, आणि त्या महिन्याचं बिल मागच्या महिन्यांच्या सरासरीने निघायचं. पाचव्या पानापर्यंत अप्पा गेले होते. अकरा आकड्यांची बेरीज त्यांनी केली होती, बाराचा गुणाकार केला होता, वजाबाकी तर त्यांचा एकतीस वर्षांचा धंदाच. आपला आकडा त्यांनी स्वतःच काढून घेतला होता, मुलगा नाडी बांधत असताना.

बहीण सांगत होती. तिला अप्पांनी तेव्हाच तो तक्ता दाखवला होता. बाकीच्यांचं आठ-नऊ आणि माझं एकोणीस, आपला मीटर कुठेतरी अडकलाय, असं हसून म्हणाले होते. ती म्हणाली, मी दादाला विचारते. त्यावर अप्पांनी तिला गप्प बसवलं. तो त्यातला आहे, त्याला माहीत असणारच. माहीत असून बोलत नाही म्हणजे यावर काही उपाय नसेल. आपण घाबरू नये म्हणून त्याने ती ओळ काढून टाकलीय. त्याला विचारून उगाच अवघडात टाकू नकोस.

"तू सांभाळून घेतलंस ते त्यांना कळलं होतं रे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी पण म्हणायचे, पोराने एकट्याने मनात ठेवलं."

इथे नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. एक हुंकार, पुढे तिच्या गुडघ्यांचं तेल, आणि फोन ठेवणं. तीस वर्षं त्या घरात तो एक समजूतदार मुलगा म्हणून वावरत होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आता कळल्यावर ती जागा त्याला इतकी ऊबदार वाटली की क्षणभर तो तिथे बसलाच. चारशे सदतीस लोकांनी न वाचता दिलेला मान त्याने बिनतक्रार घेतला होता. हा तर वाचून दिलेला होता. फक्त वाचणाऱ्याने चुकून त्याला चांगला मानलं होतं.

"घर बंद नव्हतं गं," तो म्हणाला. "मी दारच वाजवलं नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं, रिपोर्टची मोकळी जागा, फ्रिज, रविवारची दुपार, आपल्याला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. सांगताना वर्गात शिकवतो तसा त्याचा आवाज सपाट झाला होता. मधे कधीतरी तिकडचा नळ बंद झाला.

"तेव्हा कळलं असतं तर मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं मी त्यांचे पाय चेपलेत." मग खालच्या आवाजात, "आता दम नाही." आणि मग, अगदी तिच्या नेहमीच्या कामाच्या आवाजात, "पेन्सिल फार पुसट झालीय. फोटोत येतंय का बघते."

फोटो आला तो किंचित हललेला होता. अप्पांचं अक्षर वहीच्या सवयीने लहान, एकमेकांना चिकटून, ओळ न सोडणारं. छापील तक्त्याच्या रकान्यांत त्यांनी आपली ओळ इतकी नीट बसवली होती की बघणाऱ्याला वाटावं, छापणारेच विसरले असतील.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर केबिनमध्ये आला. विभागप्रमुखाचा फॉर्म पेपरवेटखाली तसाच होता. तो एक निबंध सोडून बाकीचे चार त्याने लिहिले, चौथ्यापुढे उल्लेख एकतीस, आणि पाचवी ओळ मोकळी ठेवून खाली सही केली. इतक्यावर पाटी राहण्याची शक्यता नव्हती हे त्याला ठाऊक होतं, तरी फॉर्म भरायचा तो खरा भरायचा. निबंध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकाला वगळलेल्या बाराव्या माणसाबद्दल एक लांब पत्र लिहिलं. मग जुडग्यातली बारीक किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. कपाट खरंच जुनं होतं, दार अडकलं, गुडघ्याने रेटावं लागलं. वही होती तिथेच होती.

फार्मसिस्ट बाईंना त्याने थोडक्यात कळवलं की त्यांची बेरीज बरोबर आहे, आजींच्या डोसाबद्दलचा त्यांचा संशयही बरोबर आहे, मूत्रपिंडं तपासल्याशिवाय तो डोस कुणाला देऊ नये. आजी कशा आहेत ते विचारलं. पुढे 'सहभागी क्रमांक बारा' असं टाइप केलं, ते खोडलं, आणि 'माझे वडील' असं लिहिलं. अडीच वर्षांनी वारले, कारण तेच. मग वही उघडी धरून तो एकेक रकाना भरू लागला. वय सदुसष्ट. वजन एकसष्ट. मूत्रपिंडांचा रिपोर्ट, काढला नाही. अर्धायुष्य एकोणीस पॉइंट दोन. त्याखाली चौदा नमुन्यांच्या चौदा वेळा, आणि चौथीपुढे, त्यांनी सांगितलं होतं तसं, दोन मिनिटं उशीर.